आधी विचार, रस्ता कुणाचा

पोरी, कोलार रोडला फ्लॅट झाला, वास्तुशांत झाली, जावईबापूंनी पाटी लावली. आता आत्याचं चार घटका ऐक. या गावात मराठी माणूस काही काल आलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झालं तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले कारकून ट्रंका-वळकट्या घेऊन इथे उतरले, मग भेल म्हणजे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यानं आणखी आणले. नळ, गटार, दिवा यांच्यासाठी कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं हे त्या मंडळींनी शिकून ठेवलंय, ते तू पहिल्यापासून कशाला शिकतेस?

१. वॉर्ड नंबर पाठ कर, झोन नंबर फ्रिजवर चिकटव – शहरात ८५ वॉर्ड आहेत, आणि झोन ऑफिसातला माणूस तुझी डिग्री नाही, वॉर्ड विचारतो.

२. तक्रारीत पत्ता लिहिताना जवळचं दुकान, देऊळ आणि विजेच्या खांबावरचा नंबर लिही – ७४ बंगले, ४५ बंगले, ११०० क्वार्टर, १० नंबर मार्केट असं मोजून वसवलेलं गाव आहे हे. आकडा दिलास की माणूस बरोबर पोचतो.

३. खड्डा दिसला की चिडायच्या आधी विचार, रस्ता कुणाचा – चुकीच्या दारात केलेली तक्रार महिनाभर फिरते आणि ‘हे आमचं नाही’ असा शेरा घेऊन परत येते.

या तिसऱ्यापाशी जरा थांबते, कारण भोपाळची अर्धी डोकेदुखी इथेच आहे. मोठे रस्ते बहुतेक पीडब्ल्यूडीचे, कॉलनीतले नगर निगमाचे, काही वसाहती विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे बीडीएच्या, काही हाउसिंग बोर्डाच्या, आणि पिपलानी-बरखेड्याकडे गेलीस तर भेलची टाउनशिप. त्यातून राजधानी परियोजना प्रशासन म्हणून एक वेगळंच खातं होतं. सीपीए म्हणायचे त्याला. रस्ते आणि बागा दोन्ही त्यांच्याकडे. ते २०२२ मध्ये बंद झालं, आणि त्याचे रस्ते एका खात्याकडे, बागा दुसऱ्याकडे गेल्या. जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीपीएच आहे, म्हणून शेजारच्या काकांनी सांगितलेल्या ऑफिसात जाण्याआधी ते ऑफिस आहे का एवढं पाहून घे. रस्ता सगळ्यांचा, खड्डा कुणाचाच नाही.

४. दिवा बंद असेल तर नगर निगम, घरातली वीज गेली तर वीज कंपनी – खांब एकच असला तरी मालक दोन, आणि ते एकमेकांचं काम करत नाहीत.

५. तुमची कॉलनी नगर निगमाकडे हस्तांतरित झाली आहे का, हे कागदावर बघ. बिल्डरच्या तोंडावर नको. हस्तांतरण होईपर्यंत आतला रस्ता, दिवा, गटार आणि पाणी हे बिल्डरचं किंवा सोसायटीचं ओझं – आणि बिल्डर शेवटचा फ्लॅट विकला गेला की फोन कमी उचलतो.

६. रेराची नोंद आणि मंजूर नकाशा काढून ठेव, आत्ताच. मध्य प्रदेशात रेरा २०१७ च्या मेपासून काम करतंय – नकाशात बाग दाखवलेल्या जागी पुढे दुकानं उभी राहायला लागली तर तोंडी आठवण चालत नाही.

७. मैत्रीण कोलारकडेच घर शोधते आहे ना? तिला सांग, कलियासोत नदी किती लांब आहे ते पावलांनी मोज – दोन्ही काठांना ३३ मीटर हिरवा पट्टा राखा असं राष्ट्रीय हरित अधिकरणानं २०१४ मध्येच सांगितलंय, आणि ‘रिव्हर व्ह्यू’चे जास्तीचे पैसे देणाऱ्यालाच पुढे नोटीस येते.

८. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, पहिली भेट काम नसताना दे. तिळगूळ हे चांगलं निमित्त – अडचणीत पहिल्यांदा दिसणारा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही.

९. पार्षद बाई असेल आणि फोन तिच्या यजमानांनी उचलला, तर गोड आवाजात ‘ताईंशीच बोलायचंय’ म्हण. मध्य प्रदेशात निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि ‘पार्षदपती’ हे पद कायद्यात कुठेही नाही – तू नाव घेऊन मागितलंस की तिचंही वजन वाढतं. दर वेळी यजमानांवरच भागवून घेणाऱ्या आपल्याच बायका मला जास्त खटकतात.

१०. सफाईच्या दरोगाचं नाव माहीत असू दे, त्याच्या मुलांची चौकशी कर – महापौर बदलतात, तुझी गल्ली झाडायची का आज सोडायची हे तो ठरवतो.

११. तोंडी सांगितलेली तक्रार ही गप्पांत धर. नंबर घे, तारीख घे – बोलणाऱ्याला चहा, लिहिणाऱ्याला पावती.

१२. अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे, आणि त्या क्षणीच मोबाइलवर फोटो काढ – शाई पावसाळ्यात पुसते.

१३. एका अर्जात एकच गोष्ट लिही. नळ, कुत्री, दिवा आणि शेजाऱ्याची गाडी एकत्र लिहिलीस तर सगळ्यांत सोपं तेवढं करून फाइल बंद करतात – आणि ते सोपं म्हणजे नेहमी दिवा.

१४. नगर निगमाकडून हललं नाही तर १८१. सीएम हेल्पलाइनवर तक्रार चार पायऱ्या वर चढते. खालच्या पायरीवरचा साहेब फोन करून म्हणेल, ‘मॅडम, उद्या होईल, तक्रार बंद करून टाका’ – खरंच चांगला माणूस असेल गं, पण त्याला म्हण, आधी काम, मग मी स्वतःच बंद करते. समाधान झालं नसताना हो म्हटलंस तर कागदोपत्री तुझा खड्डा बुजतो आणि रस्त्यावर तसाच राहतो.

१५. मंगळवार मोकळा ठेव, कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. सकाळी लवकर जा, अर्ज एका पानाचा ने – दुपारपर्यंत समोरच्या साहेबाचे कान भरलेले असतात.

१६. दाखला वेळेत मिळत नसेल तर लोकसेवा गॅरंटी कायद्याचं नाव काढ. असा कायदा देशात सगळ्यांत आधी, २०१० मध्ये, याच राज्यानं केला. मुदत ओलांडली तर अधिकाऱ्याला रोजचे अडीचशे रुपये दंड होऊ शकतो – आवाज चढवायची गरज नाही, मुदत कधीची होती एवढंच विचारायचं.

१७. समग्र आयडी म्हणजे राज्याची कुटुंब-नोंद; तीत सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा आधारशी जुळतात का ते आज बघ – ही गोष्ट शाळेच्या प्रवेशाच्या आदल्या दिवशीच आठवते.

१८. संपत्तिकर ३१ मार्चच्या आत भर. स्वतः राहत असलेल्या घराला निम्मी सूट असते, आणि वर्ष उलटलं की ती जाते – म्हणजे आळसाचं बिल थेट दुप्पट. थकलंच असेल तर लोकअदालतीची तारीख पेपरात बघ, अधिभारात सवलत देतात.

१९. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि गाडीचं गाणं ऐकू आल्यावर केस विंचरायला बसू नकोस. भानपूरची खंती, म्हणजे कचऱ्याचा डेपो, २०१८ मध्ये बंद झाली, आता सगळं आदमपूर छावणीला जातं आणि उन्हाळ्यात तिथे आगी लागतात – तू एकत्र टाकलेलं कुणाच्या तरी नाकात जातंच. शिवाय स्वच्छ सर्वेक्षणात आपण २०१७ ला दुसरे, २०१८ ला दुसरे, २०२४ च्या यादीतही मोठ्या शहरांत दुसरे. इंदूरच्या नातेवाइकांचे टोमणे मी किती वर्षं खायचे?

२०. नळाचं पहिलं पाणी काचेच्या पेल्यात धरून उजेडात बघ, वास घे. वास आला तर त्याच दिवशी लेखी कळव आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरही विचार – एका घरात वास असेल तर टाकी धुवायची, सगळ्या गल्लीत असेल तर लाइन फुटलेली. २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनमध्ये सांडपाणी शिरलं आणि माणसं गेली. देशातल्या सगळ्यांत स्वच्छ शहरात. म्हणून ‘होईल साफ उद्यापर्यंत’ हे वाक्य पाण्याच्या बाबतीत घरात बोलायचं नाही.

२१. पावसाळ्यात पेपर उघडलास की बड्या तलावाची पातळी बघ. १६६६.८० फूट झाली की तलाव भरला, भदभदा धरणाची दारं उघडतात – पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात कपात होईल का, याचा अंदाज ऑगस्टमध्येच लागतो.

आता बातम्यांचं सांगते. जुन्या भोपाळात दुकानांपुढच्या दगडी पटियांवर रात्री बैठका बसायच्या, आणि शहरातली सगळी खबर तिथे चघळून मऊ होऊन मिळायची. आता ते काम तुमचा कॉलनीचा ग्रुप करतो, फरक इतकाच की पटियावर बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं.

२२. फोटो पुढे पाठवण्याआधी तारीख आणि जागा विचार – तुंबलेला चौक तुमचा असेल, पण पाऊस तीन वर्षांपूर्वीचा असतो.

२३. आकडा ऐकलास की कुणी मोजला ते विचार. ऐशबागचा पूल आठवतो ना? २०२५ च्या जूनमध्ये ‘नव्वद अंशांचं वळण’ म्हणून साऱ्या देशात हसं झालं, सात इंजिनिअर निलंबित झाले. पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं, तज्ज्ञांनी मोजलं, तर कोन ११८-११९ अंशांचा निघाला. वळण वाईटच आहे, मी काही त्याची बाजू घेत नाही – पण फोटोतला कोन आणि कंपासातला कोन यांत फरक असतो, आणि चुकीचा आकडा सांगितलास की तुझी खरी तक्रारही हसण्यावारी जाते.

२४. पेपरातल्या ठळक बातमीपेक्षा मागच्या पानावरची बारीक जाहीर सूचना आधी वाच – ठळक बातमीतलं झालेलं असतं, बारीक अक्षरातलं अजून व्हायचं असतं.

२५. ‘दावे आणि आपत्ती’ असे शब्द दिसले की पेपर रद्दीत टाकू नकोस, तारखेवर लाल खूण कर. आपत्ती म्हणजे इथे हरकत, आणि ती नोंदवायला मोजके दिवस असतात – ते उलटले की तू बरोबर असूनही उशिरा असतेस.

२६. हरकत एकटीनं नोंदवू नकोस आणि एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सही देऊ नकोस. प्रत्येकानं आपल्या घरापुढची अडचण आपल्या शब्दांत लिहायची – सारख्या अर्जांची एकच गड्डी होते.

वेळेवर आणि मिळून उभं राहण्याचं बळ किती ते शिवाजीनगर आणि तुळशीनगरनं दाखवलं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथली सरकारी वसाहत पाडून मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले बांधायचा प्रस्ताव आला, सुमारे २९ हजार झाडं त्यात जाणार होती. बायका बाहेर पडल्या, झाडांना मिठ्या मारल्या, राख्या बांधल्या. जूनमध्येच नगरविकासमंत्री कैलाश विजयवर्गीयांनी प्रस्ताव रद्द झाल्याचं जाहीर केलं. सगळ्यांना राख्या आठवतात, छायाचित्रं त्यांचीच छापली गेली. मला वेळ आठवते. कुऱ्हाड पडायच्या आधी, प्रस्ताव कागदावर असतानाच माणसं उभी राहिली. पहिलं झाड पडल्यावर गेली असती तर त्यांना बहुधा नवीन रोपांची संख्या ऐकवून परत पाठवलं असतं.

२७. मास्टर प्लॅनचं नाव घेऊन कुणी जागा विकत असेल तर कुठला प्लॅन ते विचार. भोपाळचा शेवटचा लागू प्लॅन १९९५ चा, तोही २००५ पर्यंतचा. २०३१ चा मसुदा २०२० मध्ये निघाला, २०२३ मध्ये पुन्हा निघाला – मसुद्यातल्या रस्त्यावर अजून कुणाची स्कूटर गेलेली नाही.

२८. नवीन काही बांधलं की फार हरखू नकोस. बीआरटीएसचा, म्हणजे बसच्या वेगळ्या रस्त्याचा, कॉरिडॉर गाजतवाजत झाला आणि २०२४ च्या जानेवारीपासून उखडायला घेतला – त्याच्या भरवशावर दुकान घेणाऱ्यांचा हप्ता मात्र चालू राहिला.

२९. काम मंजूर झालं असं ऐकलंस तर कामाचा आदेश आणि मुदत माहितीच्या अधिकारात मागव. दहा रुपये, तीस दिवस – भांडायचं नसलं तरी कागद हातात असला की कंत्राटदार सिमेंट जरा जपून वाचवतो.

३०. गणपतीच्या मंडपाची परवानगी पंधरा दिवस आधी घे आणि खड्डे खणणार असाल तर बुजवायचा खर्च वर्गणीतच धर. विसर्जन ठरवून दिलेल्या घाटावर, खटलापुरा किंवा प्रेमपुरा – वर्षभर नगर निगमाला खड्ड्यांवरून सुनावणाऱ्यांनी स्वतःचे चार खड्डे सोडून जाऊ नये.

३१. पुढची नगर निगम निवडणूक २०२७ ची. महापौराला वेगळं मत आणि पार्षदाला वेगळं, दोन्हींचा विचार वेगवेगळा कर. वॉर्डाची मतदार यादी आधीच तपास – विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून ते तुमच्याच वॉर्डात पडलं असेल असं नाही, आणि जावईबापूंचं नाव अजून पुण्यातच असेल तर आधी त्यांना तरी इकडे आण.