कोयता कशासाठी?

आपल्या कळस-इंदापूर भागात कोयता ऊस तोडतो. त्यावर कितीक घरं चालतात. पण २०२२-२३ साली पुणे शहरात काही पोरं कोयते घेऊन लोकांना धाक दाखवू लागली. काही तर अठराच्या आतली. कुणाकुणाजवळ पिस्तूलही सापडते.

पोरं हत्यार का बाळगतात? भीतीपायी. दुसऱ्याजवळ आहे, मग आपल्याजवळही हवे. आणि रुबाबापायी. शाळा सुटलेली, हाताला काम नाही. कुणी ‘भाई’ म्हटले की बरे वाटते.

पण हत्याराने भीती वाढते. साध्या भांडणात जीव जातो. मारणारा कोठडीत, मरणारा मसणात. दोन्ही घरं बुडतात.

तुमचा पोरगा शहरात आहे ना? त्याला विचारा, “बाळा, कुणाची भीती वाटते का?” रागावू नका. ऐकून घ्या.