जुने सॉफ्टवेअर, नवा संगणक आणि दऱ्यातले खाचर

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात संगणकाचे काही अडले की ते काम आपोआप माझ्याकडे येते. वास्तविक मी कला शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत एका कामापायी या विषयाचा थोडा अभ्यास करावा लागला. तो येथे मांडीत आहे, कारण अशीच अडचण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, शाळेत अगर ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असेल.

आमचे गाव हिरडस मावळातले. १९९९ साली आजोबांनी भावकीची वंशावळ आणि खाचरांची नावे सांगितली, चुलत्यांनी ती वहीत उतरवली आणि भोरमधल्या एका दुकानात संगणकावर टाईप करून घेतली. पुढे नीरा देवघर धरणाचे पाणी आले. बरीच खाचरे त्याखाली गेली, काही घरे उठून दुसरीकडे गेली. आजोबा गेले, वही हरवली, छापील प्रत वाळवीने खाल्ली. उरली ती दुकानदारकाकांनी जपून ठेवलेली एक सीडी. ती नव्या संगणकावर लावली, तर आजोबांच्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि डॉलरच्या खुणा यांची नुसती खिचडी!

अक्षरांचे कोडे

असे का व्हावे? संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवितो. जुन्या पद्धतीत एका अक्षरासाठी २५६ आकड्यांपैकी एक आकडा मिळे. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा आकडा ६५. मराठी मुद्रणाची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी युक्ती अशी केली की, आकडा इंग्रजीचाच ठेवावयाचा आणि फॉन्टमध्ये त्या जागी मराठी आकृती बसवावयाची. कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा ‘स’. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट असेल तोवर मराठी दिसणार. तो नसेल तर खिचडी.

एकच प्रमाण असावे असे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरविले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे या क्षेत्रातील काम प्रसिद्धच आहे. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. परंतु विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फॉन्टसह. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, छपाईचे काम जुन्या फॉन्टांवरच चालले. आमची फाईल त्याच काळातली.

सॉफ्टवेअर का चालत नाही?

मग ते जुने सॉफ्टवेअरच नव्या संगणकावर बसवावे, असे कोणीही म्हणेल. मीही तेच केले. यात तीन अडथळे येतात.

पहिला अडथळा आवृत्तीचा. काही सॉफ्टवेअर सुरू होताना ‘विंडोज कोणती?’ असे विचारते आणि अनोळखी उत्तर मिळाले की थांबते. यावर उपाय सोपा आहे. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ असा भाग असतो. तेथे जुन्या विंडोजचे नाव निवडले की संगणक सॉफ्टवेअरला आपण जुनेच आहोत असे भासवितो.

दुसरा अडथळा अधिक मूलभूत. विंडोज ३.१ च्या काळातील सॉफ्टवेअर १६ बिटांचे होते, आणि पुढच्या काळातील कित्येक सॉफ्टवेअर ३२ बिटांचे असले तरी ते बसविणारा ‘सेटअप’ १६ बिटांचाच राहिला होता. ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचे काहीही चालवीत नाही. तेथे भासविण्याचा उपयोग नाही. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती तरी मिळत असे. २०२१ साली आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटांचीच आहे. येथे उपाय म्हणजे ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, कल्पित संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनाने तो तयार करून त्यात जुनी ३२ बिटांची विंडोज बसविता येते. विंडोजपूर्वीच्या डॉसवरील सॉफ्टवेअरसाठी डॉसबॉक्स हे निराळे साधन आहे.

तिसरा अडथळा लॉकचा. त्या काळी मराठी मुद्रणाच्या कित्येक सॉफ्टवेअरबरोबर एक छोटा ठोकळा येई. तो संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जागेत खोचल्याशिवाय काम होत नसे. आजच्या संगणकांना सहसा ती जागाच नसते.

माझे अडले ते येथेच. दुकानदारकाकांकडच्या जुन्या सीडीवरून कल्पित संगणकात विंडोज एक्सपी बसविली, सॉफ्टवेअरही बसले, आणि मग त्याने लॉक मागितले. तेव्हा काका म्हणाले, “पोरी, माळ्यावरचा डबा काढून बघू.” डबा म्हणजे त्यांचा जुना संगणक. दोन तास झाडपूस केल्यावर तो चालू झाला. लॉक खिळ्यांच्या बरणीत सापडले. फाईल उघडली आणि पडद्यावर आजोबांचे नाव दिसले.

रूपांतर आणि तपासणी

काम येथे संपले असे वाटेल. पण खरे काम पुढेच आहे. तो जुना संगणक उद्या बंद पडला तर? म्हणून मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये आणणे आवश्यक. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. ती प्रत्येक आकृतीच्या जागी योग्य अक्षर घालतात. परंतु जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप करीत, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते, रफाराचे उलट. त्यामुळे चुका राहतात आणि नजरेने वाचल्याशिवाय त्या कळत नाहीत.

आजीला लिहिता-वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचीत होते आणि ती ऐकत होती. “दर्यातले खाचर” असे मी वाचले, तशी ती म्हणाली, “अगं, आपल्याकडं दर्या कुठला? दऱ्यातलं खाचर ते. दोन डोंगरांच्या मधलं.” रूपांतरात ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला होता आणि डोंगरातल्या शेताला समुद्र येऊन मिळाला होता! आज त्या खाचरावर खरोखरच पाणी आहे. पण त्याचे नाव दऱ्याचेच, आणि तसेच ते आता नोंदले गेले आहे. आजीने अशा अकरा चुका काढल्या. त्यांतली एकही यंत्राला, किंवा मलाही, कळली नसती.

जाता जाता

भोर संस्थानच्या काळातील कागद मोडीत आहेत. शाळांतून मोडी गेली आणि घरोघरचे कागद दोन पिढ्यांत मुके झाले. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. पण ती वाचणारी माणसे मात्र आज शोधावी लागतात. १९९० नंतरच्या आपल्या संगणकीय मराठीचे तसेच होऊ घातले आहे, आणि तेही एकाच पिढीत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे ठिकठिकाणी जुने संगणक भंगारात जातील. माझी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि प्राध्यापकांना विनंती एवढीच की, जुना संगणक टाकण्यापूर्वी त्यातील मराठी फाईली पाहाव्यात, लॉक आणि फॉन्ट जपावेत, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि ज्यांना तो मजकूर माहीत आहे अशी माणसे आहेत तोवर त्यांना तो वाचून दाखवावा. जुने सॉफ्टवेअर एकदाच चालले तरी पुरते. पण ते एकदा चालायला हवे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला