माळ्यावरचा बायपॅप

नाशिकच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय, "वडील गेल्या वर्षी एमएनडीने गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. जेवणावळ न घालता आम्ही भावंडं पन्नास हजार रुपये या आजाराच्या कामाला देणार आहोत. संशोधनाला द्यावेत की रुग्णांच्या सेवेला?"

ताई, तुम्हाला हे सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. चालताना चप्पल पायातून सुटते, शर्टाची बटणं लागत नाहीत. मग जीभ जड होते, घास अडकतो, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत असते. माणूस सगळं पाहत असतो.

२०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची लाट आली होती. आपल्याकडेही अनेकांनी ओतून घेतली. कशासाठी, ते फार थोड्यांनी विचारलं. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून साडेअकरा कोटी डॉलर जमले. एएलएस हा एमएनडीचाच मुख्य प्रकार. त्या पैशाच्या मदतीने २०१६ मध्ये एनईके-१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध सापडला. एका औषधाच्या चाचणीलाही त्यातून हातभार लागला. २०२२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून परत घेतलं. लोक म्हणाले, पैसे बुडाले. मला तसं वाटत नाही. ही वाट पुढे जात नाही, हेसुद्धा कुणीतरी पैसे मोजल्यावरच कळतं. मात्र संशोधनाला द्यायचं तर आंब्याचं रोप लावणाऱ्याचा धीर हवा, आणि पन्नास हजारांत तिथे फारसं काही हलत नाही.

आता सेवेचं. रिल्युझोल ही या आजारावरची जुनी, मान्यताप्राप्त गोळी. तिने आयुष्य सरासरी दोन-तीन महिने वाढतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश चाचणीत बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र, वापरून पाहिलं. बोलण्या-गिळण्याचे स्नायू बऱ्यापैकी चालणाऱ्या रुग्णांना त्याने सुमारे सात महिने जास्त मिळाले, आणि ते महिने बरी झोप लागून गेले. म्हणजे ज्याला आपण 'नुसती काळजी' म्हणतो, ती औषधापेक्षा जास्त देऊन गेली! म्हणून माझं मत विचाराल, तर तुमचे पैसे सेवेला द्या. लाळ ओढणारं सक्शन मशीन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे पैसे, रात्रभर जागणाऱ्या सुनेला दोन दिवसांची उसंत. याला देणगीदार मिळत नाहीत, कारण यात नाव लावायला भिंत नसते.

मुंबईत आशा एक होप फाउंडेशन एमएनडीच्या रुग्णांसाठी काम करतं. घरात कंपवात असेल तर पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे; स्मृतिभ्रंशासाठी १९९२ पासून एआरडीएसआय ही संस्था आहे. पैसे देण्याआधी एकदा त्यांच्या रुग्ण-मेळाव्याला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. मागचा ताळेबंद मागा. खरी संस्था तो मागितला म्हणून रागावत नाही. आयकराची सवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत विसराच.

एक मात्र ठामपणे सांगतो. 'स्टेम सेलच्या संशोधनासाठी' असं म्हणून कुणी रुग्णाकडूनच लाखो रुपये मागत असेल, तर ती देणगीही नव्हे आणि संशोधनही नव्हे. एमएनडीवर हा उपचार सिद्ध झालेला नाही, आणि आयसीएमआरच्या नियमांनुसार तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणीत भाग घेण्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. घरातला माणूस डोळ्यांदेखत खंगत असताना हे पटणं अवघड असतं, ठाऊक आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की वडिलांचा बायपॅप माळ्यावर पडून आहे, बघवत नाही. ताई, वर्षश्राद्धाची वाट न पाहता तो आधी खाली काढा. कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या, फिल्टर बदला. मास्क आणि नळी टाकून द्या, त्या प्रत्येक रुग्णाला नव्याच लागतात. मग तुमच्या गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात विचारा, नाहीतर वर सांगितलेल्या एमएनडीच्या संस्थेला फोन करा. पन्नास हजारांतून दोन-तीन मास्क आणि वीज गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टर सोबत द्या. यंत्राचे आकडे कुणाच्याही श्वासाला परस्पर लावू नका, ते त्या रुग्णाच्या डॉक्टरांना लावू द्या.