कार्ल्याचा डोंगर : स्थळ व परिसर परिचय

मावळ तालुक्यातील वेहेरगावानजीकचा कार्ल्याचा डोंगर समुद्रापासून दूर असला, तरी त्याचे किनाऱ्याशी असलेले नाते फार जुने आहे. येथील श्री एकवीरा आई ही कोकणपट्टीतील आगरी-कोळी समाजाची, तसेच चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंसह अनेक कुळांची कुलदेवता होय. चैत्रातील यात्रेस व नवरात्रात मुंबई, ठाणे, रायगड या भागांतील भाविक मोठ्या संख्येने हा डोंगर चढतात. सागरावर उपजीविका करणाऱ्यांची आई घाटमाथ्यावर कशी, असा प्रश्न नवख्या यात्रेकरूस पडतो. त्यासाठी हे स्थान नीट पाहावे. कोकणातील बंदरांकडून बोरघाट चढून देशावर जाणारी प्राचीन व्यापारी वाट याच इंद्रायणीच्या खोऱ्यातून जात असे.

या वाटेची साक्ष मंदिराशेजारील चैत्यगृहात मिळते. सुमारे १२४ फूट लांबीचे हे बौद्ध लेणे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे असून त्याच्या छताच्या लाकडी कमानी मूळच्याच आहेत. शिलालेखांत दात्यांची नावे वाचावयास मिळतात : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सिंहस्तंभ देणारा महारथी अग्निमित्र, धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, स्तंभ देणारे यवन आणि सामी नावाचा सुतार. नहपानाचा जावई उषवदात याने चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या वर्षावासासाठी करजिक गाव दिले. राजजावयाच्या दानाबरोबर कारागिराचे नावही त्याच पाषाणात टिकून राहिले, हे विशेष होय.

डोंगरावरून दक्षिणेस पाहता खोऱ्यापलीकडे लोहगड व विसापूर ही दुर्गजोडी दिसते. विसापूरच्या पायथ्याशी भाजे लेणी आहेत. लोणावळ्याच्या वायव्येस बोरघाटावर नजर ठेवणारा राजमाची हा किल्ला श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांचा आहे. लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला व १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी अलिबागजवळील थळच्या समुद्रात खांदेरी बेटावर दुर्ग उभारण्यास प्रारंभ केला. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाणे दिले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लोहगड आणि खांदेरी एकत्र समाविष्ट झाले. घाटमाथा व सागर यांचा जुना संबंध त्यातून पुन्हा अधोरेखित झाला.

भाविकांनी दर्शनानंतर लेण्यातील हे लेख अवश्य पाहावेत; मात्र स्तंभांना हात लावू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत. येथे नाव राहिले ते दात्यांचे व घडविणाऱ्यांचे, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.