दोन आकड्यांचा नर

आग्या मोहोळ दिसलं की लांब राहा, असं तुमच्या आजी-आजोबांनी कधीतरी सांगितलं असेल. आग्या माश्यांचा डंख फार जहाल असतो. पण काही मधमाश्यांना डंख मारताच येत नाही! कोकणात अशा बारीक माश्या झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या फटीत राहतात. आजचा पाठ मात्र त्यांच्या ब्राझीलमधल्या नातेवाइकांचा आहे. ईशान्य ब्राझीलमधले मधपाळ ‘उरुसू’ नावाच्या डंखहीन माश्या पेट्यांमध्ये पाळतात. एका पेटीत एक वसाहत असते. तिच्यात एक राणी, पुष्कळ कामकरी माश्या आणि काही नर असतात.

मादी की नर?

राणी आणि कामकरी या माद्या. त्यांना आपल्यासारखीच आई आणि बाबा दोघांकडून गुणसूत्रं मिळतात. नर मात्र न फळलेल्या अंड्यातून जन्मतो. म्हणजे त्याला बाबाच नसतात! त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो.

मादी होणार की नर, हे एक जनुक ठरवतं. त्याचे अनेक प्रकार असतात. समजा, ते रंगीत मणी आहेत. आईकडून लाल आणि बाबांकडून निळा मणी आला, तर मादी होते. दोन्ही लाल आले, तर मादीऐवजी नर होतो. याला आपण ‘दुहेरी नर’ म्हणू. तो कामकरी माशीची कामं करत नाही. राणीचा एक मणी तिच्या जोडीदाराच्या मण्याशी जुळला, तर तिच्या फळलेल्या अंड्यांपैकी साधारण निम्म्यांतून असेच नर निघतात. मग कामकरी माश्या बरेचदा त्या राणीलाच मारून टाकतात.

पेट्या कमी असल्या की मण्यांचे रंगही कमी होतात. मग रंग जुळण्याचा धोका वाढतो.

‘भणभण’ मोजा

दुहेरी नर नुसता बघून ओळखणं अवघड असतं. म्हणून शास्त्रज्ञ जनुकीय खुणा वापरतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जसं ‘भणभणभणभण’. एका माशीत ‘भण’ 8 वेळा येईल, दुसरीत 12 वेळा. मादीत दोन आकडे सापडू शकतात: एक आईचा, एक बाबांचा. साध्या नरात एकच आकडा सापडतो. नरात 8 आणि 12 असे दोन आकडे निघाले, तर? पकडला दुहेरी नर! शिवाय सगळ्या पेट्यांमध्ये तेच ते आकडे दिसले, तर वस्तीतली विविधता कमी आहे हेही कळतं.

44 की 2?

वॉर्विक केर या ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर हिशेब मांडला. अशी वस्ती टिकायला निदान 44 वसाहती हव्यात, असं उत्तर आलं. पुढे उरुसूच्या फक्त 2 वसाहती त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर नेऊन वाढवल्या गेल्या. 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की विविधता फार कमी असूनही मधपाळांच्या देखभालीमुळे ती वस्ती टिकली आणि वाढलीही.

म्हणजे पेट्या थोड्या आहेत म्हणून लगेच आशा सोडायची नाही. पण निष्काळजी राहूनही चालणार नाही, बरं का! खुणा तपासत राहिलं, तर नवीन वसाहत कधी आणायची हे वेळेत ठरवता येतं.

शब्दार्थ
ढोली – झाडाच्या खोडातली पोकळ जागा
जहाल – फार तीव्र
मधपाळ – मधमाश्या पाळणारी व्यक्ती
खूण – ओळख पटवणारी गोष्ट

विचार करा
1. साध्या नरात एकच आकडा का सापडतो?
2. राणीकडे लाल आणि निळा मणी आहे. जोडीदाराकडे हिरवा आहे. दुहेरी नर जन्मतील का?
3. ‘भणभण’सारखे आवाजाचे आणखी तीन शब्द घरच्यांना विचारून लिहा.