‘सायकलवरून पडला’ असे लिहू देऊ नका

सकाळच्या पाळीच्या वेळी रायपूरच्या भनपुरी भागातून उरला-सिलतराच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार सायकलींवर दिसतात, आणि त्यांना घासून जाणारे ट्रकही. सरस्वती सायकल योजनेत मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या मुलीही त्याच वाहतुकीतून वाट काढतात. यातल्या कुणाला धडक बसली की पुढचे सगळे बहुधा ठरल्यासारखे घडते. गर्दी जमते, चालक हात जोडतो, एखादा वडीलधारा मध्ये पडतो, दोन-पाच हजार रुपये हातावर टेकवले जातात आणि प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात. छत्तीसगडच्या ठाण्यांत आणि कोर्टांत या मिटवामिटवीला ‘राजीनामा’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द नोकरी सोडल्यासारखा वाटतो, आणि इथे खरोखरच काहीतरी सोडून दिलेले असते. अपघातात सायकलस्वाराचे जे नुकसान होते, त्याहून मोठे नुकसान पुष्कळदा या तडजोडीत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून पाहू. चौतीस वर्षांचा एक सुतार महिन्याला 12,000 रुपये कमावतो आणि धडकेत पाय मोडल्यामुळे त्याची कमाईची ताकद कायमची 30 टक्क्यांनी घटली, असे धरा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरवून दिले. 31 ते 35 वयासाठी तो 16 आहे. 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी 40 टक्के मिळवतात. म्हणजे महिन्याचे 16,800, वर्षाचे 2,01,600, गुणिले 16, आणि त्याचे 30 टक्के: 9,67,680 रुपये. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना यांची भरपाई याखेरीज. टक्केवारीचा अर्थही नीट समजून घ्यावा. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात न्यायालयाने सांगितले, की डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा पुरेसा नसतो. त्या अपंगत्वाने तुमचे नेमके कोणते काम थांबले, हे पुराव्याने दाखवावे लागते. आणि हे सगळे कळायला महिने लागतात. हाड जुळले की नाही, पाय आखूड राहिला का, हे धडकेनंतर दहा मिनिटांत चौकात उभ्या असलेल्या कुणालाच ठाऊक नसते. मग त्या दहा मिनिटांत रक्कम ठरवायची तरी कशाच्या आधारावर?

यावर पहिला आक्षेप माणुसकीचा असतो: चालक बिचारा गरीब आहे, त्याला कशाला बुडवायचे? या भावनेचा मी आदर करतो. पण मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे तो नेमका याचसाठी. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. रस्त्यावर पाच हजार देणारा चालक स्वतःच्या खिशातून देतो, आणि ज्या कंपनीने हप्ता घेतला आहे ती सुटते. दुसरा आक्षेप असा, की चूक थोडी आपलीही होती. दिवा नव्हता, वळताना हात दाखवला नाही. चूक सिद्ध झाली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते, दावा रद्द होत नाही. शिवाय हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. तिसरा आक्षेप कागदांचा: आमच्याकडे पगारपत्रक कुठले? 2014 च्या सय्यद सादिक प्रकरणात भाजी विकणाऱ्या माणसाकडे उत्पन्नाचा कागद नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने असा कागद मागणेच गैर ठरवले आणि महिन्याचे 6,500 रुपये उत्पन्न धरले.

मात्र एका ठिकाणी न्यायालयाची सहानुभूतीही कमी पडते. अपघात मोटारगाडीनेच झाला, आणि याच गाडीने झाला, हे दिसले पाहिजे. मेकाहारात, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, किंवा एम्समध्ये जखमीला आणले की एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणाच्या, नोंदीत इजा कशी झाली याची एक ओळ लिहिली जाते. घाबरलेले नातेवाईक सांगतात ‘सायकल से गिर गया’, आणि तेच कागदावर उतरते. कधी चालक स्वतःच जखमीला घेऊन येतो आणि तेच सांगतो. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तीच ओळ काढून म्हणतो, की हा आपला आपण पडला. सायकल ही कायद्याच्या व्याख्येत मोटारवाहन नाही; गाडीचा संबंध तुटला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा दरवाजाच बंद होतो. खड्ड्यात पडलेल्याची वाट म्हणूनच वेगळी आणि अधिक अवघड आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यांतील जखमींसाठी 50 हजार ते अडीच लाखांची भरपाई ठरवून दिली, पण ती महाराष्ट्रापुरती.

ठाण्यात जायला उशीर झाला म्हणून आता उपयोग नाही, असे समजू नये. 2011 च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालाप्रमाणे निव्वळ एफआयआरच्या विलंबावर दावा फेटाळता येत नाही. जखमीच्या जिवाची काळजी आधी, हे न्यायालयालाही कळते. उशिराचे कारण मात्र तक्रारीतच लिहावे. दाव्याची मुदत मात्र गंभीरपणे घ्यावी. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर कुणी बसू नये. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख रुपये मिळण्याची वेगळी योजना आहे. तो अर्ज महसूल खात्याकडे, एसडीएम किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो.

‘कोर्टात आयुष्य जाते’ हा शेवटचा आणि सर्वात वजनदार आक्षेप. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण 2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. हे वेळापत्रक सगळीकडे पाळले जाते असे नाही. म्हणून तपास अधिकाऱ्याला अहवाल गेला का, हे विचारत राहावे. बरीच प्रकरणे लोक अदालतीत तडजोडीने संपतात. त्या तडजोडीला माझा विरोध नाही, कारण तोवर बिले, एक्स-रे आणि अपंगत्वाचा दाखला टेबलावर आलेले असतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. निकाल पटला नाही तर बिलासपूरच्या उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करता येते.

तुम्ही जखमीबरोबर रुग्णालयात असाल, तर गाडीचा नंबर आणि धडक कशी बसली ते डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी लिहिलेली ओळ तिथेच उभे राहून वाचून घ्या.