सावली घेताना वारा मोजा

लातूरच्या आमच्या घराला पश्चिमेकडे ओटा आहे. चैत्र लागला की दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पत्रे घालायचे नव्हते. पत्रा दिवसभर तापतो आणि ती धग खाली सोडत बसतो. म्हणून गुंडाळता येणारं कापडी छप्पर घेतलं. दुकानदार त्याला ऑनिंग म्हणत होता. ८ फूट बाहेर येणारं, मोटरवर चालणारं. "बटण दाबा, उघडतं, बटण दाबा, मिटतं," एवढ्यावर मी भुललो.

मे महिन्यात एके दिवशी चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, वावटळ उठली आणि नेहमीचं तेच झालं. आधी लाईट गेली, मग वळीव आला. मी बटण दाबत उभा. कापड फुगलं, दोन हिसके बसले आणि डावीकडचा ब्रॅकेट बोल्टांसकट भिंतीतून उपटून आला. बोल्टांना विटेचा तांबडा भुगा चिकटलेला होता. मिस्त्रीने ते काँक्रीटच्या बीममध्ये न घेता साध्या विटेत ठोकले होते, आणि मी खुर्ची टाकून चहा पीत ते बघितलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर डोक्यावर काय आहे आणि ते कशाच्या आधाराने आहे, हे आमच्या जिल्ह्यात पोरंही विचारतात. मी विचारलं नाही.

नांदेडला दाजींनी वेगळीच चूक केली. अंगणात चार पाइप रोवून वर हिरवी शेडनेट ताणली. खड्डे दीड फुटाचे, जमीन काळी. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. एका पावसाळ्यात दोन पाइप कलले.

आता शिकलो ते सांगतो.

आधी ऊन कुठून येतं ते बघा. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो. तेव्हा कुठलंही छप्पर सावली देतं. खरा ताप तीननंतरचा. पाच वाजता ऊन कापडाखालून तिरपं शिरून बसलेल्याच्या तोंडावर येतं. पश्चिमेला छपराबरोबर खाली सोडायचा पडदा हवाच, मग तो बांबूच्या चिकचा असो की जाळीचा.

मोटर हवी तर घ्या, पण हाताने फिरवायचं हँडल त्याच यंत्राला आहे ना, ते दुकानातच फिरवून बघा. बोल्ट बीममध्येच बसवून घ्या, आणि भोक पाडताना समोर उभे राहा. ड्रिलमधून करडी भुकटी आली तर काँक्रीट, तांबडी आली तर काम थांबवा. कापडाला उतार द्या, १० फुटांना अडीच फूट तरी; नाहीतर पाणी साचून पोट पडतं. खांब रोवायचे असतील तर काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोदा. शेडनेट कायमची शिवू नका. वादळाआधी चटकन सोडता येईल अशी बांधा.

आमचं ऑनिंग दुरुस्त होऊन पुन्हा लागलंय, या वेळी बीमला. आता ढग दिसले की घरात आधी हँडल फिरतं, मग गच्चीवरचे पापड उचलले जातात.